गोळीवेगमापक

बंदुकीच्या नळीतून सुटलेल्या गोळीचा किंवा छऱ्याचा वेग ठरविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या उपकरणास गोळीवेगमापक म्हणतात. ‘क्रोनोग्राफ’ हे त्याचे रूढ नाव ग्रीक भाषेतील काल व लेखन या अर्थांच्या शब्दांवरून आले आहे आणि ते समर्पक आहे. कारण बहुतेक गोळीवेगमापक वेग प्रत्यक्ष मोजीत नाहीत. ठराविक अंतर कापण्यास गोळीला लागलेला काल ते मोजतात व अंतरास कालाने भागून वेग काढतात. नळीच्या तोंडापाशी असणाऱ्या वेगास मुखवेग म्हणतात. नेमबाजीच्या एअर रायफलीचा छर्रा सु. १७० मी./से., ०·२२ इंची स्पर्धा-काडतुसाची गोळी सु. ३२५ मी./से. व शिकारी अथवा सैनिकी रायफलीची गोळी सु. ८०० मी./से. मुखवेगाने बाहेर पडते. हे उपकरण पूर्वी केवळ तोफखान्याच्या प्रयोगशाळांत आढळे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते हौशी नेमबाजांच्या आवाक्यात आले आणि तेव्हापासून कमी खर्चात विश्वसनीय उपकरण कसे निवडावे, हा प्रश्न उपस्थित झाला.

इतिहास : गोळीचा वेग मोजण्याची पहिली समाधानकारक पद्धत इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्झ (१७०७–५१) यांनी १७४२ मध्ये आपल्या तोफविद्येवरील ग्रंथात मांडली. त्यांनी टांगलेल्या जड ठोकळ्यात गोळी रुतू दिली व ठोकळा किती मागे झुलला हे त्याला बांधलेल्या फितीवरून मोजले. आघातापूर्वी व आघातानंतर एकूण संवेग (वस्तुमान व वेग यांचा गुणाकार) सारखाच राहत असल्याने ठोकळ्याच्या मंद गतीवरून गोळीची शीघ्र गती काढता येते. या साधनास प्राक्षेपिक लंबक म्हणतात. त्याच्या साहाय्याने रॉबिन्झ यांनी शीघ्रगती गोळीला होणारा हवेचा रोध तत्कालीन समजुतीपेक्षा कितीतरी अधिक असतो, हे दाखवून दिले. लेओनार्ट ऑयलर यांनी या ग्रंथाचे १७४५ मध्ये जर्मन भाषांतर केले व त्यात स्वतःची विस्तृत भर घातली. रॉबिन्झ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या तटबंदीच्या कामासाठी भारतात आले आणि कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे १७५१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर चार्ल्स हटन यांनी वुलिच येथे मोठ्या लंबकांवर तोफगोळ्यांचे प्रयोग केले.

एकोणिसाव्या शतकात विद्युत् चुंबकाचा उपयोग सुरू झाला. बेल्जियन तोफखाना-अधिकारी ल बूलांझे यांचे १८६० नंतरच्या दशकातील उपकरण इतके सोपे व भरवशाचे होते की, ते अनेक देशांत दीर्घ काळ प्रमाण मानले गेले. त्यात दोन धातूचे दांडे दोन विद्युत् चुंबकांना लटकविलेले असतात. गोळीने वाटेतील पहिल्या चौकटीवरची तार तोडली की पहिला दांडा खाली पडू लागतो. दुसऱ्या चौकटीवरची तार तुटली की दुसरा दांडा सुटतो व खाली पडून एका सुरीचा खटका सोडतो. ही सुरी अजून पडत असलेल्या पहिल्या दांड्यावर खूण उमटविते. खुणेच्या उंचीवरून, मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूच्या नियमाने, गेलेला काल कळतो. उपकरणाच्या अंगच्या विलंबामुळे येणारी चूक टाळण्यासाठी प्रथम दोन्ही मंडले एकाच क्षणी तोडून खूण घेत व ती ०·१५ से. एवढ्या कालाशी, म्हणजे सु. ११ सेंमी. उंचीशी, जुळवून ठेवीत. नंतर गोळी झाडल्यावर खूण ३०·७ सेंमी. वर पडली, तर एकूण काल ०·२५ से. व चौकटींमधील प्रवासाचा काल ०·१० से. होई. स्वतःचा दोष स्वतःच मोजून तो वजा करण्याची ही युक्ती आजच्या उपकरणांतही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रॉनीय गणित्रे व स्फटिक आंदोलक उपलब्ध झाले आणि तारांच्या चौकटींऐवजी प्रकाशसंवेदी पडदे आले. अमेरिकेतील टेक्सस राज्यात केन ओलर यांनी १९६० नंतरच्या दशकात खाजगी नेमबाजांसाठी असे गोळीवेगमापक बनविण्यास सुरुवात केली. अमेरिकेत स्वतःची काडतुसे स्वतः भरण्याची हौस मोठ्या प्रमाणावर असल्याने या उपकरणांचा बाजार मुख्यतः तेथेच वाढला. भारतात दारूगोळ्याच्या चाचणीचे केंद्र ओडिशातील चांदीपूर येथे १८९५ पासून आहे. दारूगोळा स्वीकारताना मुखवेग हा नेहमीच एक निकष असतो.

वेग मोजण्याची गरज : वेगात पडणारा फरक लक्ष्यावर उभ्या दिशेने दिसतो. ०·२२ इंची गोळीला ५० मी. अंतर कापण्यास सु. ०·१६ से. लागतात व तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून सु. १२ सेंमी. खाली येते. एकाच पेटीतील दोन काडतुसांच्या वेगांत १० मी./से. फरक असेल, तर दुसरी गोळी पहिलीपेक्षा सु. ७ मिमी. खालीवर लागेल. ५० मी. स्पर्धेच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०·४ मिमी. व्यासाचे असते. म्हणूनच या प्रकारातील खेळाडू काडतुसांचा गट पारखून घेतात. महाराष्ट्रात या प्रकाराकडे विशेष लक्ष वेधले गेले ते कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे मिळविलेल्या जागतिक अजिंक्यपदामुळे व २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील स्वप्नील कुसाळे यांच्या कांस्यपदकामुळे. लांब पल्ल्याच्या रायफलीत हा परिणाम अधिक तीव्र होतो. ९०० मी. अंतरावर मुखवेगाच्या मापनात १ टक्का चूक असल्यास गोळी अपेक्षेपेक्षा सु. २० सेंमी. वर अथवा खाली लागते.

काडतुसे स्वतः भरणाऱ्यास वेग हा सुरक्षिततेचाही निदर्शक असतो. नळीतील दाब मोजण्याची सोय त्याच्यापाशी नसते. भरणमार्गदर्शिकेत दिलेल्या वेगापेक्षा प्रत्यक्ष वेग बराच अधिक आला, तर दाबही अधिक असण्याचा संभव असतो व तेथेच थांबणे इष्ट ठरते. कमी वेग दाखविणारे सदोष उपकरण या दृष्टीने घातक होय. कारण ते पाहून भरणारा दारूचे प्रमाण वाढविण्यास प्रवृत्त होतो. जास्त वेग दाखविणाऱ्या उपकरणाने माणूस फार तर निराश होईल, पण त्याच्या बंदुकीला इजा होणार नाही.

हवाबंदुकींच्या बाबतीत कायद्याचाही संबंध येतो. भारतात शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या हवाबंदुकीची मुखऊर्जा २० जूलहून अधिक किंवा जिचा व्यास ०·१७७ इंचाहून (४·५ मिमी.) अधिक आहे, तिला परवाना लागतो. ०·५३ ग्रॅ. वजनाच्या छऱ्याची ऊर्जा सु. २७५ मी./से. वेगाला २० जूल होते. इंग्लंडमध्ये परवान्याविना वापरावयाच्या एअर रायफलीची मर्यादा १२ फूट-पौंड (सु. १६·३ जूल), तर जर्मनीत ती ७·५ जूल आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वेगातील १ टक्का चूक ऊर्जेत २ टक्के होते. इंग्लंडमधील एखाद्याचे उपकरण १६·० जूल दाखवीत असेल व ते वेग १ टक्का कमी मोजत असेल, तर खरी ऊर्जा १६·३ जूलपर्यंत जाते आणि मालक नकळत मर्यादेच्या काठावर येतो.

प्रकाशपडद्यांचा गोळीवेगमापक : सर्वांत स्वस्त व सर्वाधिक प्रचलित प्रकार हाच आहे. यात दोन प्रकाशसंवेदक आकाशाकडे तोंड करून ठराविक अंतरावर बसविलेले असतात. वरून जाणाऱ्या गोळीची सूक्ष्म छाया पहिल्या संवेदकावर पडली की स्फटिक आंदोलकाचे ठोके मोजणे सुरू होते व दुसऱ्यावर पडली की थांबते. प्रकाशाची चकाकी टाळण्यासाठी संवेदकांवर पांढऱ्या अर्धपारदर्शक पत्र्यांचे छत्र असते. अशी साधी उपकरणे परदेशांत शंभर ते दीडशे डॉलरच्या आसपास मिळतात.

या प्रकारातील चुकीचे मूळ घड्याळात असते असा समज आहे, पण तो चुकीचा आहे. पडद्यांतील अंतर ३० सेंमी. व वेग ८०० मी./से. असल्यास प्रवासास ३७५ मायक्रोसेकंद लागतात. घड्याळात १ मायक्रोसेकंद चूक झाली, तरी वेगात २ मी./से. एवढीच चूक येते. याउलट गोळीची छाया पडद्यात नेमकी कोठे ओळखली जाते हे प्रकाशावर अवलंबून असते. एका पडद्याने गोळीचे टोक टिपले व दुसऱ्याने ती ३ मिमी. पुढे गेल्यावर टिपली, तर ३० सेंमी. अंतरात १ टक्का, म्हणजे ८ मी./से. चूक होते. तीच ३ मिमी. चूक पडद्यांतील अंतर १·२ मी. असल्यास केवळ २ मी./से. भरते. यावरून निवडीचा पहिला नियम निघतो : जाहिरातीतील घड्याळाची सूक्ष्मता पाहण्याऐवजी पडद्यांमधील अंतर पाहावे, आणि ते वाढविता येण्याजोगे असेल तर वाढवावे. स्वतंत्र दांड्यावर पडदे बसविण्याची सोय असलेले उपकरण थोडे महाग पडले तरी घेण्यासारखे असते. बिजागरीवर घडी होणारे उपकरण पिशवीत मावते हे खरे. परंतु बिजागरी पूर्ण उघडली नाही, तर दोन्ही पडदे समांतर राहत नाहीत व गोळी किती उंचीवरून गेली त्यानुसार अंतर बदलते.

ओलर यांच्या ३५ पी या नमुन्यात दोनांऐवजी तीन पडदे वापरले आहेत. एकाच गोळीचा वेग दोन वेगवेगळ्या अंतरांवरून दोनदा मोजला जातो व दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर उपकरण तसे दाखविते. ही सोय स्वस्त उपकरणांत नसते. मात्र दोन स्वस्त उपकरणे एकामागे एक ठेवून तिचा लाभ घेता येतो. मित्राचे उपकरण तासभर मागून आणले तरी हा पडताळा होतो. दोघांच्या आकड्यांतील सरासरी फरक सर्व गोळ्यांना सारखाच येत असेल, तर एकाच्या पडद्यांतील अंतर चुकीचे असण्याचा संभव असतो. फरक दर गोळीगणिक बदलत असेल, तर दोष प्रकाशाचा असतो.

गोळीचा मार्ग पडद्यांच्या रेषेशी तिरपा असल्यास तिला अधिक अंतर कापावे लागते व वेग कमी दिसतो. ५ अंश तिरपेपणाने ०·४ टक्के, म्हणजे ८०० मी./से. वेगात सु. ३ मी./से. तूट पडते. उपकरण लक्ष्याच्या रेषेत बसविण्यासाठी नळीतून पाहणे अथवा दोरी ताणणे एवढे पुरते. रायफलीपासून ते ३ ते ५ मी. पुढे ठेवतात, त्याहून जवळ असल्यास तोंडातून निघालेला स्फोटवायू व त्याची आघात-तरंग गोळीआधीच पडदा चाळवितात आणि अशक्य वाटणारे आकडे दिसू लागतात. या अंतरात रायफलीच्या गोळीचा वेग २–३ मी./से. ने घटलेला असतो, तो मुखवेगासाठी मिळवावा लागतो. हवाबंदुकीचा छर्रा मीटरमागे १ मी./से.हून अधिक वेग गमावितो, म्हणून त्याबाबतीत अंतर लिहून ठेवणे विशेष अगत्याचे आहे.

ढगाळ दिवस हा या प्रकारास सर्वोत्तम असतो. कडक उन्हात चकचकीत गोळीच्या खालच्या बाजूवरून प्रकाश परावर्तित होतो व छायेऐवजी झळाळी टिपली जाते. यावर गोळीला काळी शाई लावणे हा जुना उपाय आहे. बंदिस्त जागेत प्रत्यावर्ती प्रवाहावरील नळीदिव्यांचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा (अमेरिकेत एकशेवीस वेळा) कमीजास्त होतो आणि उपकरण गोंधळते. अशा ठिकाणी अवरक्त प्रकाशाची स्वतंत्र चौकट लागते, ती घेतल्यावर किमतीतील स्वस्ताई बरीचशी संपते. उपकरण गोळीच्या मार्गाखालीच असल्याने चुकीच्या नेमाने ते फुटण्याचाही धोका असतो. ज्यात दर्शकपट्टी वेगळी असून नेमबाजाजवळ ठेवता येते, असा नमुना यामुळे अधिक सोयीचा ठरतो. गोळी लागली तरी पडदेच जातात.

नळीस जोडावयाचे प्रकार : विद्युत् चुंबकीय प्रवर्तनावर चालणारी पट्टी संगिनीप्रमाणे नळीच्या पुढच्या टोकास बांधतात. धातूची गोळी तिच्या दोन संवेदकांवरून गेली की विद्युत् स्पंद निर्माण होतात. प्रकाशाचा संबंध नसल्याने पाऊस, रात्र, बंदिस्त जागा यांचा परिणाम होत नाही व किंमतही मध्यम असते. तथापि नळीवर वजन वाढल्यामुळे तिची कंपने बदलतात, गोळ्या वेगळ्या जागी लागतात व वेग आणि अचूकता यांची परीक्षा एकाच वेळी करता येत नाही. पट्टी नळीशी समांतर नसेल तर गोळी तिला घासते.

हवाबंदुकींसाठी नळीच्या तोंडाशी लावावयाची छोटी बंद नळकांडीही मिळतात. त्यांत अवरक्त किरणांची दोन दारे काही सेंमी. अंतरावर असतात. ती स्वस्त व हाताळण्यास सोपी आहेत. अंतर अल्प असल्याने त्यांच्यावर फार विसंबू नये, पण बंदुकीची स्प्रिंग थकली आहे काय किंवा टाकीतील दाब उतरल्यावर वेग किती पडतो, यांसारख्या तुलनात्मक प्रश्नांना ती पुरेशी आहेत. दारूच्या बंदुकीस ती कधीही लावू नयेत.

डॉप्लर रडार : गोळीवर आपटून परतणाऱ्या रेडिओ तरंगांची कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) बदलते व या बदलावरून वेग थेट कळतो. २४ गिगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या रडारात ८०० मी./से. वेगाला हा बदल सु. १२८ किलोहर्ट्‌झ असतो. उपकरण बंदुकीच्या बाजूस ठेवतात, त्यामुळे प्रकाश, नेम व नळीचे कंपन यांपैकी कशाचाच उपद्रव होत नाही. शेजाऱ्याची गोळी टिपली जाणे एवढीच अडचण उरते. गार्मिन कंपनीने २०२३ मध्ये खिशात मावणारे असे रडार ६०० डॉलर किमतीस बाजारात आणले आणि पडद्यांची उपकरणे झपाट्याने मागे पडू लागली. वर्षातून दोनचारदा वेग मोजणाऱ्यास हा खर्च करण्याचे कारण नाही. मात्र नेमबाजी मंडळाने सर्व सभासदांसाठी मिळून एक उपकरण घ्यावयाचे असेल, तर हेच सर्वांत स्वस्त पडते असे म्हणता येईल.

उपकरणाविना मापन : एअर रायफलीसाठी रॉबिन्झ यांचा लंबक आजही घरी करता येतो. २०० ग्रॅ. वजनाचा मऊ मातीचा ठोकळा एक मीटर लांबीच्या दोन दोऱ्यांनी टांगावा. ०·५३ ग्रॅ. वजनाचा छर्रा १७० मी./से. वेगाने त्यात रुतल्यास ठोकळ्याला ०·४५ मी./से. वेग मिळतो, तो सु. १ सेंमी. वर उचलला जातो आणि १४·३ सेंमी. मागे सरकतो. हे सरकणे कागदाच्या हलक्या घोडीने मोजता येते व त्यात १ मिमी. चूक झाल्यास वेगात ०·७ टक्के चूक येते, म्हणजे विकतच्या स्वस्त उपकरणाहून परिणाम फारसा वाईट नाही. ठोकळ्यामागे छर्रा अडविणारी भक्कम आड असणे मात्र आवश्यक आहे.

दुसरी पद्धत ध्वनीची. नळीजवळ ध्वनिग्राहक ठेवून झाडल्याचा व लक्ष्यावर आदळल्याचा असे दोन आवाज संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर मुद्रित करतात. लक्ष्य १० मी. दूर असल्यास वरील छऱ्याचा प्रवास ०·०५९ से. चालतो आणि आघाताचा आवाज परत येण्यास आणखी ०·०२९ से. लागतात, दोन आवाजांतील एकूण ०·०८८ से. अवधीतून दुसरा भाग वजा करावयाचे विसरल्यास वेग तिसऱ्या हिश्श्याने कमी निघतो. मुद्रणाची सूक्ष्मता भरपूर असते, छर्रा नळीतून नेमका केव्हा सुटला हे ध्वनिरेषेवर ओळखणे मात्र अवघड जाते. येथे मिळतो तो दहा मीटरांतील सरासरी वेग, मुखवेग नव्हे.

आकड्यांचा अर्थ : प्रत्येक गोळीचा वेग थोडा वेगळा असतो व या विखुरण्याचे माप प्रमाण विचलनाने देतात. उपकरणाची स्वतःची अनिश्चितता त्यात वर्गांच्या बेरजेने मिसळते. काडतुसांचे खरे विचलन ३ मी./से. व उपकरणाचे ४ मी./से. असेल, तर दर्शकावर ५ मी./से. दिसते आणि उत्तम काडतुसे उगाच बदनाम होतात. शिवाय पाच गोळ्यांवरून काढलेले विचलन फारच अनिश्चित असते. ते ४ मी./से. आले, तर खरे मूल्य २·४ पासून ११·५ मी./से. पर्यंत कोठेही असू शकते, असे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के विश्वासपातळीवर म्हणता येते. तीस गोळ्या झाडल्यास ही मर्यादा ३·२ ते ५·४ पर्यंत आवळते. पाच-पाच गोळ्या झाडून दोन भरणांपैकी एकास श्रेष्ठ ठरविण्याची प्रथा सर्वत्र आहे, पण तिला फारसा आधार नाही. उपकरणावर दुप्पट पैसे खर्च करण्यापूर्वी काडतुसांच्या एका पेटीवर खर्च करणे पुष्कळदा अधिक फलदायी ठरते.

ती पेटी दुसऱ्याही कामास येते. ०·२२ इंची स्पर्धा-काडतुसांचा एकच गट बाजूस ठेवून प्रत्येक सत्राच्या आरंभी त्यातील पाच-दहा काडतुसे त्याच रायफलीतून झाडतात व सरासरी वेग तापमानासह नोंदवितात. तापमान सारखे असताना हा आकडा मागील नोंदींपासून दूर गेला, तर त्या दिवशीचा प्रकाश, पडद्यांची मांडणी किंवा उतरलेली विद्युत् घटमाला यांपैकी काहीतरी बिघडले आहे असे समजून पुढील मापन थांबवितात.